वजा केलेला उजेड
धसईजवळच्या आपल्या गावातून सूरज फक्त अमावस्येलाच ताऱ्यांचे फोटो काढायचा. तेव्हा आकाश सगळ्यात काळं असतं. तरी दर फोटोच्या खालच्या कोपऱ्यात पिवळट उजेड यायचाच. तो मुरबाडच्या दिव्यांचा असणार, असं धरून सूरज स्वस्तातल्या सॉफ्टवेअरने तो वजा करून टाकायचा. वजा केलेला उजेड सॉफ्टवेअर वेगळ्या फाइलीत ठेवतं, हे त्याला आज दुपारी कळलं. चार अमावस्यांच्या चार फाइली त्याने शेजारी शेजारी लावल्या. मुरबाड पश्चिमेला, कॅमेऱ्याचं तोंड मात्र पूर्वेला. हा उजेड डोंगरावरच्या देवराईतून वर येत होता आणि दर खेपेला वाढत गेला होता. "आये, अवसेला राईत कोन जातं गो?" शेंगा सोलणारी आई दचकली. "कोन जाईल? देव फिरतो त्या राती. गावातल्या बारक्या पोरालापन माहीत हाय." मग तिथे दिवे लावून काम करणारे बाहेरचेच असणार, सूरजला वाटलं; पण त्यांना नेमकी हीच रात्र सांगितली कोणी? तेवढ्यात राईचे पुजारी धोंडीकाका नेहमीसारखे चहाला आले आणि लॅपटॉपपुढे थबकले. "कसला रे उजेड?" "राईतला, काका. झाडं तोडतात वाटतं." काका चहा संपेपर्यंत फोटो बघत राहिले. "आनखी कोनाला दाखवलास?" "नाय." काकांनी कप खाली ठेवला आणि मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग पुसून टाक. आभाळ कसं साफ पायजे, नाय का?"