सभागृहाचा खटका

मीटरचा काटा लाल पट्ट्यात शिरला आणि जनरेटर खोकायला लागला. तिने घाईघाईने वायरमनकाकांना फोन लावला.

"काका, बाहेरची वीज गेलीय आणि याला लोड झेपत नाहीये. लवकर या ना!"

"अगं, मी बाजारात जनरेटरचा पट्टा आणायला आलोय. उडत येऊ का? एक खटका खाली ओढ."

"कुठला?"

"तिथं कोण उभंय, तू का मी? मग तूच ठरव." आणि फोन बंद.

आता आली का पंचाईत! कृषी महाविद्यालयाच्या या जनरेटरच्या खोलीत ती इंटर्न म्हणून आली, ती शेवटचा प्रयत्न म्हणून. वर्गात तिला कुणी हाक मारत नसे. आपण इथे चुकून आलोय, असंच तिला सारखं वाटायचं. हेही जमलं नाही तर शिक्षण सोडून परत येते, असं तिने आईला सांगूनही टाकलं होतं.

समोर दोन खटके. एक सभागृहाचा. तिथे पाहुण्यांचं भाषण रंगात आलेलं, शेजारी प्राचार्य, वर थंडगार हवा. दुसरा अंडी उबवायच्या यंत्राचा. आत अंडी फुटायला लागली होती. पंखा थांबला तर पिल्लं गुदमरणार. आणि काहीच केलं नाही तर जनरेटरच बसणार, म्हणजे दोन्हीकडे बोंब.

प्राचार्यांना अंधारात बसवायचं? मग आपली बॅग भरलीच म्हणायची. तरी तिने सभागृहाचा खटका खाली ओढला.

काटा मागे आला. जनरेटरचा घसा मोकळा झाला.

थोड्याच वेळात प्राचार्य घामाघूम होऊन दारात उभे. "सभागृह कुणी बंद केलं?"

"मी." पुढचं तिने एका दमात सांगून टाकलं. "यंत्रात पिल्लं आहेत, सर. दोन्ही झेपत नव्हतं."

"म्हणजे यंत्र चालू आहे?"

"आहे, सर."

"हुश्श! मी तर धावत आलो, म्हटलं गेली सगळी पिल्लं." त्यांनी रुमालाने मान पुसली. "पाहुण्यांची काळजी नको. ते अंधारातही बोलायचे थांबलेले नाहीत."

तिला एकदम हसू फुटलं. छातीवरचं ओझं कुठल्या कुठे पळालं.

प्राचार्यांनी खटक्यांकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "बरं, सभागृह कधी चालू होईल?"

तिने वाकून काटा नीट पाहिला.

"तुम्ही जाऊन बसा, सर," ती म्हणाली. "मी कळवते."