सुटा कण

बुधरी नाल्यापलीकडं गेली ती वच्छलाच्या एका शब्दावरून.

नुकतं उजाडलं होतं. मोहाखाली पिवळट फुलांचा सडा, आणि सड्यावर तिघी वाकलेल्या. वच्छला, तिची लेक करिश्मा, आणि बुधरी, करिश्माची आत्या. झाड वच्छलाच्या घरचं. आत्याच्या वाट्याचं झाड नाल्यापल्याड, एकटं. तिकडं गेल्या सोमवारी 'तो' दिसला होता. जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत. एकटीदुकटीनं जाऊ नका, असं जंगलखात्याचा गार्डही सांगून गेला होता. म्हणून बुधरी भावाच्या झाडाखाली वेचत होती, आणि वच्छला हसत म्हणाली होती, "बाई, हात लई चालतात व तुमचे. आमच्यासाठीबी राहू द्या दोन फुलं."

थट्टाच होती ती. बुधरीही हसली. मग तिनं आपली भरत आलेली टोपली वच्छलाच्या टोपलीत उलटी केली, रिकामी काखेला लावली आणि चालू लागली. वच्छलानं पदर ओढला, शपथ घातली. बुधरी थांबली नाही.

"हाकेवरच तं आहो मी," ती म्हणाली. "कू देत राह्यजो."

जंगलात नावानं हाक मारत नाहीत. नुसतं कू.

वच्छलानं लेकीला सांगितलं, बोलत राह्य. काय बी बोल, पण आवाज पाहिजे. माणसांचा आवाज असला की तो जवळ येत नाही. करिश्मा चंद्रपूरला एमेस्सी करत होती. बुधवारी तिला वर्गापुढं उभं राहून अर्धा तास बोलायचं होतं. तेच ती बोलू लागली. अणूच्या पोटात गाभा, गाभ्याच्या पोटात प्रोटॉन, प्रोटॉनच्या पोटात तीन क्वार्क. जवळ जवळ असले की मोकळे, कोणाचा कोणाला जाच नाही. एक लांब जाऊ लागला की ओढ लागते. चुंबक दूर नेलं की त्याची ओढ ढिली पडते, तसं इथं नाही. कितीही लांब जा, दोर ताणलेलाच. म्हणून या जगात सुटा क्वार्क कोणीच पाहिलेला नाही.

"शाने हायेत," वच्छला म्हणाली. "आन दोर तोडलाच तं?"

तोडायला जेवढा जोर लावावा, त्या जोरातूनच नवे क्वार्क जन्मतात, करिश्मानं सांगितलं. तुटल्या टोकाशी लगेच सोबती उभा. सुटा हाती लागतच नाही.

वच्छलानं कू दिली. पलीकडून कू आली. जरा लांबून, पण आली.

मग कशानंच का सुटत नाहीत ते, वच्छलानं विचारलं. तापवलं तर सुटतात, करिश्मा म्हणाली, दोन लाख कोटी अंशांपर्यंत. एवढं तं आपलं चंद्रपूरबी नाई तापत, असं वच्छला म्हणाली आणि दोघी हसल्या. तेवढ्या तापात घरंच विरघळतात, करिश्मा सांगत होती. कोण कोणाच्या घरचा हे उरत नाही, सगळ्यांचा मिळून एकच रस्सा. विरघळलं कधी, तेही बोट ठेवून दाखवता येत नाही. पाणी उकळतं तसा तिथं उकळीचा क्षण नसतो. हळूहळू होत जातं. मागाहून कळतं, की होऊन गेलं.

वच्छलाचा हात थांबला. तिनं नाल्याकडं पाहिलं. इथून त्या झाडापर्यंत साठ-सत्तर पावलं. कितव्या पावलापर्यंत बुधरी आपल्यात होती, आणि कितव्यापासून नव्हती?

"कूऽ."

कू आली नाही. पलीकडं माकडं खाकरली, तो दिसला की खाकरतात तशी. एकदा, दोनदा. मग तीही गप्प झाली. वरून एक फूल पडलं. त्याचा आवाज ऐकू आला.

"कूऽऽ."

करिश्मा म्हणाली, गावात जाऊ, माणसं आणू. वच्छलानं टोपली जागीच सोडली.

"माह्या तोंडानं गेली ते," ती म्हणाली. "मीच आनीन."

लेकीला इथं एकटं ठेवता येईना, तिकडं न्यायला मन होईना. शेवटी तिनं करिश्माचं मनगट धरलं आणि दोघी नाल्याची दरड उतरून पलीकडं चढल्या, मोठमोठ्यानं बोलत, काय बोलतो आहोत ते न कळता. करिश्मा क्वार्कांचंच बोलत होती.

बुधरी होती. झाडाखाली उभी, ताठ, पदर खाली लोळणारा. टोपली उपडी पडलेली. तोंड समोरच्या करवंदीच्या जाळीकडं. वारा नव्हता, तरी जाळीतली एकच फांदी हलत होती. तिनं मान वळवली नाही.

"वाकू नका," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "वाकलं का जनावर समजते तो. पाठ दिसली का झेपावते."

"बाई, चुकलं माह्यं."

"ते मंग. पहिले बाजूले ये."

एक डावीकडं, एक उजवीकडं, दोघी तिच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. आता त्यांनाही दिसलं. पानांआड पिवळा पट्टा, आणि तो पट्टा श्वासानं वरखाली होत होता. बुधरीचा हात वच्छलाच्या हातात आला. मोह गळत होता, डोक्यावर, खांद्यांवर. कोणी फूल झटकलं नाही.

ऊन चढू लागलं. गाव पाठीमागं होतं. मधे नाल्याची उभी दरड, उलट्या पावलांनी उतरण्यासारखी नव्हतीच. निघायचं, तर कोणीतरी एकीनं आधी पाठ फिरवायला हवी होती.