तुलनेची माती

नकाशा काही केल्या सरळ राहत नव्हता. शेवटी आईने त्याच्या कोपऱ्यांवर साखरेचा, मिठाचा आणि चहाचा डबा ठेवला. उरलेला कोपरा लेकीच्या साहेबांनी हाताने दाबून धरला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऑफिसचं काम सुरू झालं.

नकाशाच्या मधोमध बॅटऱ्यांचा बंद पडलेला कारखाना. त्याच्या भिंतीला चिकटून, उताराला, वस्ती. लाल टिकल्या सगळ्या तिथेच चिकटवलेल्या: गटाराशी, नळाशी, शाळेच्या मैदानात. सोमवारी यंत्र येणार, प्रत्येक टिकलीवर भोक पाडून माती काढणार, आणि तिच्यात शिसं किती ते तपासलं जाणार. वस्तीतल्या लोकांना दुसरीकडे घरं मिळणार की नाही, ते त्यावर ठरणार.

"आणि आमची टिकली हिरवी का?" आईने विचारलं.

"मान मोठा आहे तुमचा, आजी," साहेब म्हणाले. "तुमच्या अंगणातली माती म्हणजे चांगली माती. वस्तीतली माती हिच्याशी ताडून बघायची. तिथे शिसं जास्त निघालं, की घाण कारखान्याने केली हे सिद्ध."

"आणि सारखंच निघालं तर?"

"तर कंपनीचा वकील म्हणणार, इथली जमीनच मुळात तशी. मग बसा बोंबलत."

लेक गालातल्या गालात हसली. ऑफिसात तिला सगळे मातीबाई म्हणत. ही जागा तिनेच सुचवली होती. टेकडीच्या वरच्या अंगाला, वाऱ्याच्या उलट दिशेला, आणि माती त्याच जातीची. शिवाय ऑफिसची गाडी दिसली की बाकीच्या घरांची दारं बंद व्हायची. हे एक दार उघडं होतं, वर चहासुद्धा मिळत होता.

"फक्त त्या यंत्रवाल्यांना जरा खोल खणायला सांग हं," आई चहा गाळता गाळता म्हणाली. "वरवर काय, सगळी राखच आहे."

"कसली राख?"

"भट्टीची. बाबांनी नव्हता का ट्रक आणवला कारखान्यातून? तुला कुठलं आठवायला, एवढीशी होतीस. अंगणात नुसता चिखल व्हायचा, तुम्ही पोरं घसरून पडायचात. बाबा भट्टीवरच कामाला, मागतील तेवढी राख मिळायची. फुकट ते पौष्टिक, म्हणाले. सगळं अंगण भरून काढलं आणि वरून मातीचा हात फिरवला. बघ, आजतागायत पाणी साचलेलं नाही."

बाहेरून भराव टाकला होता का, हा प्रश्न मातीबाई प्रत्येक घरात सगळ्यात आधी विचारायची. नव्या पोरींनी तो विचारला नाही की त्यांच्यावर खेकसायची. या घरात विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

ओट्यापाशी वहिनी भांडी पुसत होती. तिचा हात थांबला.

"मातीबाई, मी काही ऐकलं नाही," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "सोमवारी यंत्र येतंय. दुसरी जागा शोधायची म्हणजे पुन्हा परवानग्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच. राहू दे हिरवी. आणि माहेरच्या घराला आपल्या हाताने लाल टिकली कोण लावतं?"

ते कळवळ्याने बोलत होते. तोच तर त्रास होता.

"काय म्हणतायत ते?" आईने विचारलं. "राख वाईट असते का गं? तिच्यावरच तर वाढलात तुम्ही सगळे."

"हे अंगण चांगलं धरलं ना आई, की वस्तीतली सगळी पोरं ठणठणीत ठरतात."

"आणि नाही धरलं तर?"

"तर आपण पण त्यांच्यातलेच."

आई खुर्चीवर टेकली. ओले हात तसेच मांडीवर ठेवून बसली. मग म्हणाली, "हौसेने केलं होतं गं त्यांनी. सुट्टीच्या दिवशी, घाम गाळून."

"माहीत आहे."

मातीबाईने नखाने हिरवी टिकली उकरायला घेतली. ती धड निघेना. अर्धी फाटून हातात आली, अर्धी नकाशालाच चिकटून राहिली. त्या अर्धीवरच तिने लाल टिकली लावली आणि अंगठ्याने दाबली. गरजेपेक्षा जास्त वेळ दाबली.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बरं. मग आता चांगली माती आणायची कुठून, तेही सांगा. ट्रक काय तुमच्याच वडिलांनी आणला असेल? त्या भट्टीवर निम्म्या गावाचे बाप होते."

मातीबाई नकाशावर टेकडीमागची घरं बघत राहिली. सगळी अंगणं तिला आठवली, कशी सपाट, नीटनेटकी.

ओट्यावर फडकं आपटल्याचा आवाज झाला. वहिनी मागच्या दाराने धावत बाहेर गेली होती.

खिडकीतून दिसलं. नुकती चालायला शिकलेली तिची पोर अंगणात फतकल मारून बसली होती आणि मूठ तोंडात होती. वहिनीने तिला झडप घालून उचललं, तोंडात बोट घालून माती काढली, पुन्हा घातलं, पुन्हा काढली. पोर आधी दचकली, मग रडली, मग तेही विसरून हातपाय झाडत जमिनीकडे झेपावायला लागली. तिला खेळायचं होतं.

वहिनीने तिला घट्ट धरलं. फाटकापासून विहिरीपर्यंत सगळं अंगण नजरेखालून घातलं. मग खिडकीकडे वळली.

"ताई," ती म्हणाली, "हिला खाली कुठे ठेवू?"