तीन नंबरचा नट

कचऱ्याचा ट्रक सव्वाअकरा वाजता दुरुस्त झाला. पण तसं काही घडलेलंच नाही असं धरून चालायचं आणि घड्याळ मागे दहावर आणायचं.

दहा वाजता फिटर केबिनमधलं इंजिनाचं झाकण उघडून आत अर्धा वाकला होता. ट्रक जागच्या जागी थंडीताप भरल्यासारखा थरथरत होता. आरसा, दार, ड्रायव्हरचा कंगवा, सगळं हलत होतं. मागे अर्ध्या फेरीचा कचरा तसाच भरलेला होता. त्याचा वास खिडकीतून, झाकणातून आणि बहुधा फिटरच्या भविष्यातूनही येत होता.

कारण हा ट्रक या महिन्यात तिसऱ्यांदा आला होता. पहिल्यांदा फिटरने डिझेल फिल्टर बदलला. दुसऱ्यांदा तीन नंबरच्या सिलिंडरचं डिझेल फवारणारं नोझल नवं टाकलं. दोन्ही वेळा ट्रक शहाण्यासारखा गेला आणि चार दिवसांत पुन्हा वेडा होऊन परतला. साहेबांनी सकाळीच थरथर बघून ट्रक अर्ध्या फेरीतून इकडे पाठवताना सांगून ठेवलं होतं, "हा डबा चौथ्यांदा आला, तर तू धुलाईत." धुलाई म्हणजे पाइप घेऊन कचऱ्याच्या पेट्या आतून धुणं. फिटर असा माणूस होता, की त्याला चहावरची साय बघून ओकारी यायची.

तो कामाला लागला. सिलिंडर चार. चालू इंजिनात एकेकाच्या डिझेल पाइपचा नट सैल करायचा. आवाज पडला, तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर तो नुसता बसून खाणारा. ही पद्धत ऑफिसातल्या माणसांवर वापरायला मनाई आहे.

पहिला सैल केला. आवाज पडला. आवळला. दुसरा सैल केला. इंजिन बंदच पडायला आलं. आवळला.

तिसऱ्याला चिंधी गुंडाळलेली होती. एके काळी ती बनियन असावी. आता तिच्यात डिझेल, केस आणि केळ्याच्या सालीचा कोणीतरी लांबचा नातेवाईक नांदत होता. फिटरने श्वास रोखून ती दोन बोटांनी सोडवली. आतला नट आधीच अर्धा फेरा सैल होता. त्याच्याखाली तारेने खोकल्याच्या औषधाची बाटली टांगलेली होती आणि गळणारं डिझेल शिस्तीत तिच्यात जमत होतं.

"काका," फिटर ड्रायव्हरला म्हणाला, "नट आपोआप सैल होतो, हे मी मान्य करतो. पण तो जाताना स्वतःसाठी बाटली टांगून जात नाही."

"थरथरीने होतं रे असं."

"बाटलीसुद्धा?"

ड्रायव्हर जरा खोकला. पुराव्यादाखल असावं.

"मी तिकडे पेट्या धुवायला लागेन आणि तुम्ही इथे गंमत करताय!" फिटर म्हणाला आणि त्याने नट करकचून आवळला. थरथर थांबली. इंजिन पोट भरलेल्या मांजरासारखं गुरगुरायला लागलं. एवढं गोड काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. ड्रायव्हरचा चेहरा मात्र घरात कोणी गेल्यासारखा झाला.

तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. "दादा, गाडी का गप झाली रे? उतरू का मी आत?"

ती ड्रायव्हरची बहीण. याच ट्रकवर कचरा भरायला होती. फिटर मागे गेला. पेटी काठोकाठ भरली होती आणि अर्धी वस्ती अजून उचलायची बाकी होती. ताई काठावर बसली होती. एक पाय बाहेर, एक आत.

"कचरा दाबायचं मशीन दोन वर्षांपूर्वी मेलं," मागोमाग आलेला ड्रायव्हर खालच्या आवाजात म्हणाला. "चार अर्ज दिले. तेव्हापासून हीच आत उतरून पायाने तुडवायची. गेल्या वर्षी बुटातून सुई आरपार गेली. कुठल्या रोग्याची, कोणाला माहीत. सहा महिने रक्त तपासत होती. मग एकदा हा सिलिंडर आपोआप बंद पडला आणि बघतो तर काय, नुसत्या हादऱ्याने कचरा खाली बसतोय. पिठाचा डबा आपटतो ना आपण, तसा."

"आपोआप फक्त पहिल्यांदा," ताई वरून म्हणाली. "पुढचं सगळं याचं डोकं. फिटरभाऊ, काय ते लवकर ठरवा. एक पाय आत आहे माझा."

तिच्या पायाखाली काहीतरी पचकन फुटलं. कोमट वास आला. फिटरने नाक बाहीत खुपसलं. त्याला डोळ्यांसमोर पेटी दिसली, पाइप दिसला, आणि पाइप धरलेला स्वतःचा हात दिसला.

"थांबा ताई," तो म्हणाला. "पाय काढा."

त्याने पाना घेतला आणि तीन नंबरचा नट मोजून अर्धा फेरा सैल केला. बाटली टांगली. चिंधी या वेळी पूर्ण हातानेच बांधावी लागली. ट्रक थरथरला. कचरा आणखी वीतभर खाली बसला.

मग त्याने साबणाने तीनदा हात धुतले, तरी कागद कोपऱ्यातच धरला आणि दुरुस्तीच्या तक्त्यात लिहिलं:

"सदर वाहन तपासले. इंजिन थरथरते, ते त्याचे कामच आहे. तरी कचरा दाबण्याचे यंत्र दुरुस्त होईपर्यंत, अथवा माननीय साहेब स्वतः पेटीत उतरून कचरा तुडवेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, क्रमांक तीनचा सिलिंडर बंद ठेवण्यास लेखी मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती."