मातीसकट

मर्विन टकवेल दुकानाच्या अंगणात प्रेशर वॉशरपुढे उभा राहून त्याची नळी चाचपत होता, आणि त्याची बायको नोएला पावात गुंडाळलेलं सॉसेज खायचं विसरून त्याच्याकडे बघत राहिली होती.

शनिवारी गावात यायचं, दुकानाच्या दारात अग्निशमनवाल्यांच्या मदतीसाठी भाजलेली सॉसेजं खायची आणि कुंपणाची तार घेऊन घरी जायचं, हा त्यांचा नेम. गाडी धुण्याच्या मशीनचं नाव आजवर कधी निघालं नव्हतं. त्यांच्या यूटवर, मागच्या उघड्या हौद्यापासून पुढच्या दिव्यांपर्यंत, तांबड्या मातीचे थरच्या थर होते. माती काढली तर गाडीचे सांधे सुटतील, असं मर्विन मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

"गाडी धुणार? तू?" नोएला हसली. "आधी डोक्यावरची टोपी धू. बटाटे उगवतील तिच्यात."

मर्विन हसला नाही. "पाण्याला चांगला जोर असतो म्हणे याच्या. घ्यावं का?"

दुकानदार लिंडसे पलीकडे तार कापत होता. तो तिथूनच ओरडला, "घे की लेका! पण किंमत किती लावलीस ते आधी मला सांग. गिऱ्हाईक मी आणतो."

सॉसेज भाजणाऱ्यांसकट सगळे हसले. त्या मुलखात यूट धुतली म्हणजे ती विकायला काढली, हे पोरासोरांनाही ठाऊक. एरवी तिला पाणी लागलं तर पावसाचं, आणि पाऊस तिकडे कधीमधी चुकून यायचा. नोएलाही हसली. मग तिची नजर मर्विनच्या चेहऱ्याकडे गेली.

"मर्व्ह, गाडी विकतोयस?"

तो नळीवरून बोटं फिरवत राहिला.

"अरे, गाडी विकली तर आपण तिकडे राहायचं कसं?"

तिचं बरोबर होतं. घर गावापासून दीड तासावर, आणि वाटेत दिवा लावायला माणूस नाही. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून नोएलाचा डावा हात गिअर टाकण्याच्या कामाचा राहिला नव्हता. गाडी हाकणारा घरात एकच होता.

"डोळे गेलेत," मर्विन म्हणाला. तार संपली, असं सांगावं तसं. "मधलं काही दिसत नाही. कडेकडेचं दिसतं थोडंफार. शहरातला डॉक्टर म्हणाला, आता नजर परत यायची नाही. गाडीला हात लावू नको."

"कधी म्हणाला?"

"गेल्या उन्हाळ्यात."

नोएलाच्या हातातला पाव खाली मातीत पडला. गेल्या उन्हाळ्यापासून दर शनिवारी याच माणसाशेजारी ती निर्धास्त बसून आली होती. आज सकाळीसुद्धा. त्या रस्त्यावर गुरं बसतात, तीन-तीन डबे जोडलेले ट्रक धुरळा उडवत अंगावर येतात.

"मग आज सकाळी मला आणलंस कसं?"

"तू बोलत होतीस ना."

"मी?"

"पुढे गाय बसलीय. ट्रक येतोय, कडेला घे. खड्डा, खड्डा. फाटक आलं, हळू. सगळं सांगतेस तू. बाकी रस्ता मला पाठच आहे."

लग्न झाल्यापासून ती गाडीत अशीच बडबडत आली होती, आणि लग्न झाल्यापासून तो 'गप्प बस गं, गाडी मी चालवतोय' म्हणून खेकसत आला होता. या वर्षात मात्र एकदाही खेकसला नव्हता. म्हातारपणी का होईना, नवरा सुधारला, आपलं ऐकायला लागला, असं तिने बहिणीला फोनवर कौतुकाने सांगितलं होतं.

आणि मग तिला आठवलं.

"मागच्या शनिवारी मला झोप लागली होती, मर्व्ह. घर येईपर्यंत."

"माहीत आहे."

"मला उठवलं का नाहीस?"

"काय सांगून उठवू?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "वाटेत कुणीतरी भोंगा वाजवत अगदी खेटून गेलं. ट्रक होता की काय होतं, अजून कळलेलं नाही. घरी आल्यावर हातातून किल्ली सुटेना. म्हणून तर हे मशीन बघतोय."

"समोरून कुणाची लेकरं येत असती म्हणजे?" नोएला किंचाळली. चांगल्या हाताने तिने त्याच्या छातीवर एक गुद्दा मारला. मग तीच मूठ त्याच्या शर्टात घट्ट आवळून ती उभी राहिली. सॉसेज भाजणारे आता चिमटे हातात धरून खाली बघत होते.

लिंडसे जवळ आला. त्याने विचारलं, "मशीन... बांधून ठेवू का?"

"नको," नोएला म्हणाली. "घेणारा मातीसकट घेईल." तिने मर्विनच्या खिशातून किल्ली काढून लिंडसेच्या हातात ठेवली. "आम्हाला घरी सोड."

लिंडसेला परत आणायला त्याची बायको आपली गाडी घेऊन मागून येत होती. पुढे यूटमध्ये लिंडसे चालवत होता, मर्विन मध्ये आणि नोएला खिडकीशी. गाव मागे पडलं. वळण संपताच रस्त्याच्या मधोमध कांगारू उभं दिसलं. बोलायचं नाही असं नोएलाने ठरवलं होतं, पण जुनी सवय.

"कांगारू! पुढ्यात!"

"दिसलंय," लिंडसे हळूच म्हणाला आणि गाडीचा वेग कमी केला. पण त्याच्याही आधी मर्विनचा उजवा पाय, जिथे ब्रेक नव्हता तिथे, सगळा जोर लावून दाबला गेला होता.