तांब्याभर पाणी

रोपाची मुळं सूक्ष्मदर्शकाखाली चमकवणारा रंग मी तीन वर्षं खपून बनवला. लॅबच्या सरांनी माझी वही ठेवून घेतली आणि पेपर स्वतःच्या एकट्याच्या नावावर छापला. मी लॅब सोडून गावी, कुंभारवाड्याला घरी आले.

परवा सर अंगणात हजर. “सुमंगला, रंग तोच, भाताची रोपं तीच, पण मुळं चमकतच नाहीत. पेपर मागे घ्यायची वेळ आलीय. नेमकं काय करायचीस तू?”

“वही तुमच्याकडंच आहे की, सर.”

“पावन्यास्नी आदी पाणी तर दे गे,” आई आतून म्हणाली.

सरांनी तांब्या एका दमात रिकामा केला. “गोड आहे पाणी.”

लॅबमधली माझी रोपं आमच्या विहिरीच्या याच पाण्यावर वाढली होती. कॅन भरून मीच न्यायचे. तेवढं वहीत लिहायचं राहिलं होतं.

“अजून घ्या, सर,” मी म्हणाले.