कर्फ्यू उठल्यावर

दंगलीनंतरचा कर्फ्यू उठून महिना झाला, तरी दामूला रात्री झोप लागत नव्हती. दिवसा लूमवर उभ्याउभ्या डोळे मिटत, तुटलेला धागा दिसत नसे. "अजून एक तागा खराब झाला तर घरी बस," कारखान्याच्या मास्टरने बजावले.

शेजारच्या लूमवरचा इलियास पलीकडच्या मोहल्ल्यात राहायचा. त्याचेही डोळे सुजलेले होते.

"रात को सोता नहीं क्या?" चहा पिताना त्याने विचारले.

"कसा झोपू? तुमच्या मोहल्ल्यातून कोण कधी येईल, भरवसा न्हाय."

"हम भी तो जागते हैं. तुम लोग आओगे करके."

दोघांनी चहा संपवला. मग इलियास म्हणाला, "तू पहले सो जा. तेरा लूम मैं देखता हूँ."

दामू तिथेच सुताच्या पोत्यांवर आडवा झाला. दुपारी इलियासला त्याला गदागदा हलवून उठवावे लागले.